एका दोरावर झाडात: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

१९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर मार्टी यांनी अडॉल्फ युसी यांच्यासाठी एक हातात मावणारं साधन बनवलं. युसी गरुडांचा अभ्यास करत होते आणि त्या कामात त्यांना दोरावरून वर चढावं लागे. हे साधन दोराला लावलं की वर सहज सरकतं, पण त्यावर वजन टाकलं की आतली दातेरी कॅम दोर घट्ट धरते. सह्याद्रीतले सुळके चढणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. तोच आपला जुमार. पाखरांच्या मागे लागलेल्या माणसासाठी जन्माला आलेली ही वस्तू पुढे गिर्यारोहकांनी आणि गुहा धुंडाळणाऱ्यांनी आपलीशी केली आणि वीसेक वर्षांनी ती पुन्हा झाडांकडे आली.

१९७८ मध्ये डोनाल्ड पेरी यांनी उष्ण कटिबंधातल्या उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत दोराने कसं पोचावं यावर शोधनिबंध लिहिला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेग लोमन या तरुण संशोधक मुलीने मोटारीच्या सीटबेल्टच्या पट्ट्या शिवून स्वतःचा हार्नेस तयार केला, एका गुहाप्रेमी मंडळाकडून दोरावर चढणं शिकून घेतलं आणि ती वर गेली. त्याच सुमाराला अमेरिकेत नलिनी नाडकर्णी झाडांत चढत होत्या. त्यांचे वडील मूळचे ठाण्याचे. जमिनीपासून कित्येक मीटर वर, फांद्यांवर साचलेल्या शेवाळाच्या गादीत झाडं स्वतःचीच मुळं सोडतात, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. खालून मान वर करून पाहणाऱ्याला ते कधी दिसलं नसतं. आपल्या पश्चिम घाटातही तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडंदुरैच्या जंगलात सौबद्रा देवी आणि टी. गणेश यांनी एकेरी दोरावर चढून वृक्षछत्राचा अभ्यास केला.

या मंडळींकडे महागडी साधनं नव्हती. आज मात्र परदेशातल्या वृक्षकर्मींसाठी, म्हणजे झाडांची छाटणी-निगा हाच व्यवसाय असणाऱ्यांसाठी, निघणारे कॅटलॉग चाळले तर झाडावर चढणं श्रीमंतांचाच उद्योग वाटावा. पक्षी-अभ्यासक, वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी, देवराईतल्या वृक्षांच्या नोंदी करणारे, स्वतःच्या बागेतली वाळकी फांदी उतरवू पाहणारे अशा कितीतरी जणांना झाडात जायचं असतं, आणि ते किमती पाहून थबकतात. माझं म्हणणं असं की खर्च कमी करायचा तर वस्तूंची संख्या कमी करावी, दर्जा नव्हे. आणि एकेरी दोराचं तंत्र हे थोडक्या वस्तूंत भागणारं तंत्र आहे.

आधी ते तंत्र समजून घेऊ, कारण त्यावरच खरेदी ठरते. जुन्या दुहेरी पद्धतीत दोर बेचक्यावरून जातो, दोन्ही पदर चढणाऱ्याकडे येतात, आणि तो जसा वर सरकतो तसा दोरही बेचक्यावरून घासत पळतो. साल सोलली जाते, दोर झिजतो, आणि दोन्ही वाचवायला वर वेगळं संरक्षक साधन बसवावं लागतं. एकेरी पद्धतीत दोर जागचा हलत नाही. तो झाडाला बांधलेला असतो आणि माणूस त्यावरून वरखाली करतो. त्यामुळे सालीला इजा कमी, घर्षण कमी आणि सगळ्यात ताकदवान स्नायूंचं, म्हणजे पायांचं, बळ वापरता येतं.

दोर बांधायच्या दोन रीती आहेत. पहिलीत फेकदोरीने दोर फांदीवरून पलीकडे नेऊन त्याचं टोक खाली बुंध्याशी बांधतात. दुसरीत बटरफ्लाय गाठीच्या लूपमधून किंवा पळत्या बोलाइनने दोर वरच फांदीभोवती आवळतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बुंध्याशी बांधलेल्या दोरात दोन्ही पदरांवर ताण येतो. चढणारा सामानासकट ८० किलोचा असेल, तर वरच्या बेचक्यावर जवळजवळ १६० किलोचा भार पडतो. सालीच्या घर्षणाने तो थोडा कमी होईल, झोके घेत चढलात तर बराच वाढेल. वर आवळलेल्या दोरात भार एकपटच राहतो. मग बुंध्याची रीत वापरायचीच कशाला? कारण तिच्यात सुटका आहे. बुंध्याशी नुसती गाठ न मारता डिसेंडर, म्हणजे दोर हळूहळू सोडता येणारं साधन, लावून दोर अडवला आणि जादा दोर शिल्लक ठेवला, तर वर कोणी बेशुद्ध झालं, मधमाश्या उठल्या, तर खालचा माणूस त्याला सरळ जमिनीवर उतरवू शकतो. नवशिक्याने हीच रीत धरावी असं मला ठामपणे वाटतं. बेचकं मात्र दुप्पट भाराच्या हिशेबाने निवडावं. दुर्बिणीतून ते न्याहाळावं आणि चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लोंबकळून पाहावं.

दोराची लांबी यातूनच निघते. बेचकं १५ मीटरवर असेल तर वर जाऊन खाली यायला ३० मीटर, खालून उतरवण्याची सोय ठेवायला आणखी १५, वर गाठींसाठी थोडा. म्हणजे ५० मीटर. याहून लांब दोर सुरुवातीला नको. वजनही वाढतं आणि पैसेही जातात.

आता दोराचा प्रकार. ट्रेकिंगवाल्यांकडे बहुधा डायनॅमिक दोर असतो आणि 'हाच वापरू' असा मोह होतो. तो आवरावा. डायनॅमिक दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जावा असाच बनवतात. ८० किलो लटकवले तर तो १० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. वरच्या उदाहरणातला ३० मीटरचा भाग ८ टक्क्यांनी ताणला तर जवळजवळ अडीच मीटर दोर जागच्या जागी चढावा लागेल, आणि तेवढा वेळ पाय जमिनीवरच. वर गेल्यावरही प्रत्येक पावलागणिक उसळी बसते. आपल्याला हवा कमी ताणाचा, ज्याला आपल्याकडे सगळे स्टॅटिक म्हणतात तो दोर. त्यावर ईएन १८९१ आणि टाइप ए अशी खूण असते. त्याचा अर्थ, सरळ ताणल्यावर तो किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२०० किलोंचा भार सोसतो, आणि टोकाला गाठ असताना १५ किलोन्यूटन.

वृक्षकर्मींसाठी खास विणलेले पावणेबारा-बारा मिलिमीटरचे रंगीत दोर हातात भरतात, दिसतातही देखणे. पण आपल्याला त्यांची गरज नाही. गुहा आणि रॅपलिंगसाठी बनलेला साडेदहा ते अकरा मिलिमीटरचा दोर गिर्यारोहण साहित्याच्या दुकानांत मिळतो, बरेचदा मीटरवर कापूनही देतात, आणि पुढे सांगणार आहे ती साधनं त्यावरच नीट चालतात. नऊ मिलिमीटरचा हलका दोर स्वस्त पडतो, पण खरबरीत सालीवर आणि दातेरी कॅमखाली त्याचं आवरण लवकर जातं. दोर नायलॉनचा असेल तर वापरण्याआधी साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा. तो थोडा आखडतो आणि विणही घट्ट बसते. हार्डवेअरच्या दुकानातला पिळाचा नायलॉन दोर कितीही जाड असला तरी माणसासाठी नाही. त्याच्या ताकदीची हमी कोणी दिलेली नसते आणि कॅमसाठी तो विणलेला नसतो.

वर चढायचं आणि खाली उतरायचं साधन हा या विषयाचा गाभा, आणि पैसे वाहून जातात तेही इथेच.

सर्वांत स्वस्त मार्ग गाठींचा. ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली गाठ आजही तितकीच कामाची आहे. सात-आठ मिलिमीटरच्या दोरीचे दोन लूप, एक हार्नेसला, एक पायाला. बसायचं, पायाची गाठ वर सरकवायची, उभं राहायचं, हार्नेसची गाठ वर सरकवायची. खर्च नगण्य. पण प्रत्येक वेळी गाठ सैल करताना बोटं दुखतात, आणि त्याच गाठीवरून एकेरी दोराने उतरणं धोक्याचं. सगळं वजन एका गाठीवर असतं, घर्षणाने ती तापते. नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं. डायनिमा या कृत्रिम धाग्याची दोरी दीडशे अंशांनाही टिकत नाही, म्हणून अशा गाठींसाठी नुसती डायनिमाची स्लिंग कधीही वापरू नये. प्रुसिक प्रत्येकाला बांधता यावी, खिशात दोन लूप असावेत, पण रोजचं साधन म्हणून मी ती सुचवणार नाही.

दुसरा मार्ग गुहाशोधकांचा, बेडूकचालीचा. छातीवर क्रोल, म्हणजे छातीवर बसणारा छोटा जुमार, हातात जुमार, जुमारला पायाची शिडी. पाय पोटाशी घ्यायचे, एकदम उभं राहायचं, छातीवरची क्रोल आपोआप दोरावर सरकते. लांब चढाईला ही चाल फार सुरेख. पण ती खुलते गुहेच्या हार्नेसवर, ज्याचा जोड पोटाच्या अगदी खाली असतो. नेहमीच्या गिर्यारोहणाच्या हार्नेसवर क्रोल उंच बसते आणि दर पावलाला वितीएवढंच अंतर चढलं जातं. शिवाय उतरताना चढायची साधनं काढून डिसेंडर लावावा लागतो. हवेत लटकलेल्या नवशिक्याच्या हातून चूक होते ती या अदलाबदलीत.

म्हणूनच थोड्या पैशांत सुरू करणाऱ्याला मी तिसरा मार्ग सांगेन. हार्नेसला ग्रिग्री, म्हणजे ताण येताच दोर पकडणारं आणि मूठ ओढली की सोडणारं साधन, तिच्या वर दोरावर एक हाताचा जुमार, जुमारला पायाची शिडी आणि एक छोटी पुली. ग्रिग्रीतून निघालेला मोकळा दोर जुमारच्या पुलीतून वळवून खाली घ्यायचा. शिडीत उभं राहता राहता तो खाली ओढला की ग्रिग्री आपोआप वर येते आणि बसताच दोर धरून ठेवते. पुलीमुळे हाताला एकास तीन असा फायदा मिळतो. उतरायचं झालं की जुमार काढून कमरेला अडकवायचा, मोकळा दोर घट्ट धरायचा आणि ग्रिग्रीची मूठ हळूहळू ओढायची. अदलाबदल नाही. १९९१ मध्ये बाजारात आलेली ग्रिग्री आज साडेआठ ते अकरा मिलिमीटरच्या दोरावर चालते, म्हणून दोर अकराच्या पुढे जाऊ नये. ही चाल संथ आहे, हे मान्य. पण १५-२० मीटरच्या झाडावर चार मिनिटं जास्त गेल्याने काय बिघडतं? जुमार वेगळ्या स्लिंगने हार्नेसला जोडलेला हवा, दर काही मीटरवर ग्रिग्रीखालच्या दोराला गाठ मारून ती हार्नेसला अडकवावी, आणि उतरताना हाताला चटका बसेल इतका वेग घेऊ नये. ग्रिग्री मुळात बिलेसाठी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळण्यासाठी, बनली आहे. ज्यांना रोज उठून हेच काम करायचं आहे त्यांनी दोरकामासाठीच बनवलेला रिगसारखा डिसेंडर घ्यावा. मांडणी तीच राहते.

या पलीकडे वृक्षकर्मींची खास यंत्रं आहेत. रोप रेंच हा गाठीच्या वर बसून घर्षणाचा भार वाटून घेतो आणि एकेरी दोरावरही गाठीने झाडात मोकळेपणी फिरता येतं. अकिंबोसारख्या साधनात तर गाठही लागत नाही. फांद्या छाटत दिवसभर झाडात हिंडणाऱ्याला ती वरदान आहेत. घरट्याची नोंद घेऊन तासाभरात खाली येणाऱ्याला नाहीत. अकिंबोसारख्या एका यंत्राच्या किमतीत परदेशात चांगला दोर आणि हार्नेस दोन्ही येतात. पायाला आणि गुडघ्याला लावायचे जुमार वेग वाढवतात, सुरक्षा नाही. ते सगळ्यात शेवटी.

दातेरी साधनांविषयी एक ताकीद. जुमार किंवा क्रोल ही झटका झेलायची साधनं नव्हेत. चार ते सहा किलोन्यूटनच्या झटक्यात त्यांचे दात दोराचं आवरण फाडतात. स्टॅटिक दोर तर झटका शोषतच नाही. त्यामुळे साधनाच्या वर कधीही चढू नये आणि दोरात ढील ठेवू नये. फांदीवर पोचलात, पाय टेकले, की आधी ढील काढायची, मग बाकीचं. त्यासाठीच तीन-चार मीटरची एक आखूड दोरी, कमी-जास्त करता येणारी, सोबत असावी. वर पोचल्यावर ती फांदीभोवती घेऊन दुसरा आधार करायचा. हातात करवत असेल तर दुसरा आधार असलाच पाहिजे. करवतीच्या पात्याला दोर आणि फांदी यांतला फरक कळत नाही, आणि ताणलेला दोर नुसत्या स्पर्शाने तुटतो.

हार्नेसच्या बाबतीत लोक दोन टोकांच्या चुका करतात. एक म्हणजे बांधकामावरचा, पाठीला कडी असलेला स्वस्त हार्नेस. तो पडलेल्या माणसाला अडवण्यासाठी असतो, दोरावर बसून काम करण्यासाठी नव्हे. दुसरी म्हणजे पहिल्याच दिवशी वृक्षकर्मींचं भारी सॅडल. मधला मार्ग असा की जाड गादी असलेला गिर्यारोहणाचा बैठा हार्नेस, ईएन १२२७७ किंवा ईएन ८१३ खूण असलेला, पुरतो. विकत घेण्याआधी तो घालून दुकानात पंधरा मिनिटं लटकून पाहावं. दुकानदार लटकू देत नसेल तर दुसरं दुकान गाठावं. पायाला मुंग्या येणारा हार्नेस स्वस्त असला तरी घेऊ नये. लोमन यांनी स्वतःचा हार्नेस शिवला तेव्हा पर्यायच नव्हता. आज आहे, म्हणून घरी शिवू नये.

हेल्मेटवर एक छोटी पण मोलाची माहिती. कारखान्यातल्या हेल्मेटचा, ईएन ३९७चा, हनुवटीचा पट्टा १५ ते २५ किलोंच्या ओढीला मुद्दाम सुटतो, म्हणजे हेल्मेट अडकलं तर गळफास बसू नये. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ हेल्मेटचा पट्टा ५० किलोंपर्यंत धरून ठेवावा लागतो. झाडात डोकं फांद्यांवर आपटतं, त्यामुळे दुसरंच हवं. खाली उभ्या माणसालाही. कॅराबिनर चार-पाच पुरतात. सगळे लॉकवाले, अंगावर किलोन्यूटनचे आकडे कोरलेले. मुख्य जोडाला तीन हालचालींनी उघडणारा स्वयंलॉक घ्यावा, कारण स्क्रूचं लॉक फांद्यांना घासत उलगडू शकतं. पोलादी कॅराबिनर जड असतो पण स्वस्त आणि टिकाऊ. अँकरसाठी तोच उत्तम. किल्ल्या अडकवायचे रंगीत हुक आणि नावगाव नसलेले ऑनलाइन 'क्लाइंबिंग सेट' यांपासून दूर राहावं. माहितीपत्रक, ईएन क्रमांक, सीईजवळचा चार अंकी क्रमांक आणि उत्पादनाचं साल, यांतलं एक जरी नसेल तर तो माल भंगार समजावा.

मनसोक्त काटकसर करायची जागा म्हणजे फेकदोरी. तिच्यावर माणूस लटकत नाही. जाड कापडाची तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची वाळूची पिशवी घरी शिवता येते, दोन मिलिमीटरची गुळगुळीत विणीची दोरी कुठेही मिळते, आणि ती गुंतू नये म्हणून एक बादली. उंच बेचक्यासाठी गलोल आणि मासेमारीची तंगूस वापरली तरी चालते. आधी तंगूस पलीकडे जाते, तिच्या मागे फेकदोरी, तिच्या मागे दोर. पिशवी हलकी असेल तर सालीच्या घर्षणाने वरच अडकते. दगड बांधू नये, तो सुटून कोणाच्या तरी डोक्यात बसतो.

जुन्या सामानाचं काय? ओळखीच्या माणसाकडून, इतिहास ठाऊक असलेलं धातूचं साधन घ्यायला हरकत नाही. दात, कॅम, स्प्रिंग तपासून घ्यावी. दोर, स्लिंग, हार्नेस मात्र कधीही वापरलेले घेऊ नयेत. ऊन त्यांना हळूहळू खातं, आणि गाडीच्या बॅटरीतलं आम्ल लागलं तर वरून काही न दिसता नायलॉन आतून मरतं. बहुतेक कंपन्या कापडी साधनांना जास्तीत जास्त दहा वर्षांचं आयुष्य देतात, तेही न वापरता ठेवली तर. प्रत्येक चढाईआधी अख्खा दोर बोटांतून सरकवावा. कुठे चपटा, कुठे मऊ, कुठे गाभा निसटल्यासारखा लागला की तिथे कापावा. नाडकर्णींसारख्या, जन्मभर झाडांत चढलेल्या बाईही २०१५ मध्ये साधन निकामी होऊन सुमारे पंधरा मीटरवरून पडल्या. गंभीर जखमांतून त्या वाचल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. अनुभवाने ही तपासणी टळत नाही.

झाडाची निवड फुकट असते आणि सुरक्षेत तिचा वाटा मोठा. चिंचेचं लाकूड चिवट. शेवगा, पांगारा, काटेसावर यांचं मऊ. गुलमोहर वाऱ्यातही मोडतो. जुन्या आंब्याचं खोड बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ असू शकतं. नारळ-पोफळीला बेचकंच नाही, तिथे हे तंत्र उपयोगाचं नाही. ते काम कोकणातले पाडेकरी त्यांच्या रीतीने उत्तम करतात. काट्यांचे बूट जिवंत झाडावर घालू नयेत, प्रत्येक पाऊल झाडाला जखम असतं. आणि दोर टाकण्याआधी दुर्बिणीने आग्या मोहोळ शोधावं. ते दिसलं तर त्या झाडाचा नाद सोडावा.

एकदम सगळं घेणं जमणार नसेल तर क्रम असा ठेवा: आधी हेल्मेट आणि हार्नेस, मग दोर, मग ग्रिग्री, जुमार आणि कॅराबिनर, शेवटी आखूड दोरी. ती येईपर्यंत करवत घरी ठेवा. दोघातिघांनी मिळून एक दोर घेतला तरी चालतो, त्याच्या वापराची वही मात्र एकाने सांभाळावी. पुण्या-मुंबईत, नाशकात गिर्यारोहण संस्था आहेत. लेख वाचून वर जाऊ नका, तिथल्या जाणत्यांकडून जमिनीपासून मीटरभर उंचीवर हे सगळं हातात बसेपर्यंत शिका. चढणं, उतरणं आणि अडकलेल्याला खाली आणणं, तिन्ही. आणि एकट्याने कधीही चढू नका. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि थोड्या वेळात तो दगावू शकतो. त्याला लगेच खाली उतरवू शकणारा, शिकलेला जोडीदार खाली उभा असेल तरच दोराला हात घाला.